तेलाचा हात, मातीचा हात

नवजात बाळ असलेल्या घरात सकाळी नऊ-दहाच्या सुमारास दारावरची घंटा वाजली, की सगळ्यांना कळते, बाई आल्या. मग कोमट तेलाची वाटी, पाट, गरम पाण्याची बादली, मसुरीच्या डाळीचे पीठ, दूध-हळद आणि धुतलेली दुपटी यांची मांडामांड सुरू होते. बाई पाय लांब करून पाटावर बसतात, बाळाला पायांवर घेतात आणि अर्ध्या-पाऊण तासात तेल लावणे, अंघोळ, टाळू भरणे, तीट लावणे असे सगळे सोपस्कार उरकून दुपट्यात गुंडाळलेले बाळ आईच्या स्वाधीन करतात. बाळ दोन-तीन तास गाढ झोपते आणि आजी समाधानाने म्हणते, 'बाईंचा हात चांगला आहे.'

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांत या 'हाता'ला आता अनेक पर्याय निर्माण झाले आहेत. बाळ-बाळंतिणीच्या मालिशसाठी प्रशिक्षित स्त्रिया पाठवणाऱ्या संस्था आहेत, लहानग्यांसाठी 'बेबी स्पा' आहेत, आई-बाळाचे एकत्रित योगवर्ग आहेत. बाळ वर्षा-दीड वर्षाचे झाले, की रंगकाम, मातीकाम, संगीत, गोष्टी अशा वर्गांच्या जाहिराती आई-वडिलांच्या मोबाइलवर येऊ लागतात. त्यांतले आवश्यक काय, केवळ हौसेचे काय आणि अपायकारक काय, हा प्रश्न आजच्या तरुण पालकांना पडतो. पूर्वी त्याचे उत्तर घरातली वडीलधारी मंडळी देत असत. आता ती अनेकदा दुसऱ्या गावी असतात आणि सल्ला देणारे मात्र शेकड्यांनी असतात. अशा वेळी प्रथा आणि विज्ञान या दोहोंचा आधार घेऊन या सेवांकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

कोलकात्याहून पॅरिसला

बाळाला तेल लावण्याची भारतीय पद्धत पाश्चात्त्य जगात कशी पोहोचली, याचा इतिहास रंजक आहे. फ्रेडरिक लबॉयर या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाने कोलकात्यात एका आईला आपल्या बाळाचे मालिश करताना पाहिले. तिचे नाव शांतला. तिच्या हातांची लय पाहून तो इतका प्रभावित झाला, की १९७६ मध्ये त्याने छायाचित्रांसह एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्याला तिचेच नाव दिले. त्याच दशकात भारतातील एका अनाथाश्रमात काम केलेल्या विमला मॅक्लूर या अमेरिकी स्त्रीने मायदेशी परतल्यावर शिशुमालिशचे वर्ग सुरू केले. त्यातून पुढे या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली.

या प्रवासात एक महत्त्वाचा बदल घडला. महाराष्ट्रात बाळाला तेल लावण्याचे काम परंपरेने सुईण, अंघोळ घालणारी बाई किंवा आजी यांच्याकडे असते. आई सव्वा महिना विश्रांती घेते आणि हे सारे पाहते. युरोप-अमेरिकेतील वर्गांत मात्र शिक्षिका बाळाला हात लावत नाही. ती बाहुलीवर प्रात्यक्षिक दाखवते आणि बाळाचे मालिश आई किंवा वडील करतात. तिकडे ही सेवा पालकांना शिकवण्याची झाली, इकडे ती पालकांच्या वतीने करून देण्याची राहिली. आज शहरांत मिळणाऱ्या बहुतेक सेवांचे गुणदोष या एका फरकात सामावलेले आहेत.

त्वचेला काय कळते?

स्पर्शाच्या परिणामांवर गेल्या चाळीस वर्षांत बरेच संशोधन झाले आहे. अमेरिकेतील टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी १५ मिनिटे, असे १० दिवस मालिश केलेल्या बाळांचे वजन इतरांच्या तुलनेत ४७ टक्के अधिक वेगाने वाढले आणि ती सरासरी सहा दिवस आधी घरी गेली. भारतातही असे प्रयत्न झाले. सहा आठवड्यांच्या १२५ निरोगी बाळांवर केलेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळी तेले वापरून चार आठवडे मालिश करण्यात आले. मालिशनंतरची झोप सुधारली आणि वाढीच्या दृष्टीने तिळाचे तेल सरस ठरले. मराठी आजीला हे वाचून मुळीच आश्चर्य वाटणार नाही.

त्वचेत असे काही मज्जातंतू असतात, की जे हळुवार, संथ स्पर्शालाच सर्वाधिक प्रतिसाद देतात. २००९ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञांच्या गटाने दाखवून दिले, की सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर या गतीने हात फिरला, तर हे तंतू सर्वाधिक उत्तेजित होतात आणि तीच गती माणसाला सर्वांत सुखद वाटते. आई झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून न कळत हात फिरवते, तो साधारण याच गतीने.

अर्थात या संशोधनाच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. सहा महिन्यांखालील निरोगी बाळांवरील ३४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने घेतला. अनेक अभ्यासांचा दर्जा कमी असल्याने सर्व बाळांना मालिश करावेच, अशी शिफारस करण्याइतका पुरावा त्यात आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसूतीनंतरच्या काळजीविषयी शिफारशी केल्या. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला सर्वांगास हलके मालिश करण्याचा विचार करता येईल, असे त्यांत म्हटले आहे. म्हणजे मालिश ही चांगली गोष्ट आहे, पण ते औषध नव्हे. बाई महिनाभर आल्या नाहीत म्हणून बाळाची हाडे कच्ची राहत नाहीत.

प्रथा कोठे थांबवावी?

वरील शिफारशीतील 'हलके' हा शब्द महत्त्वाचा आहे. अनेक घरांत मालिश जोरकस असावे, अशी समजूत आहे. बाळ कळवळून रडले, तर 'रडू द्या, तेवढाच व्यायाम' असे म्हटले जाते. नाक सरळ व्हावे म्हणून ते चिमटीत ओढणे, डोक्याला आकार यावा म्हणून दाबणे, पाय धरून बाळाला उलटे टांगणे हे प्रकार आजही आढळतात. त्यांचा काडीमात्र उपयोग नाही. इजा होण्याची शक्यता मात्र आहे.

जन्मानंतर काही दिवस बाळाच्या छातीला सूज येते, कधी त्यातून दुधासारखा थेंबही येतो. आईच्या शरीरातील संप्रेरकांचा तो परिणाम असून ही सूज आपोआप ओसरते. 'दूध काढून टाकण्या'साठी छाती पिळली, तर तेथे जंतुसंसर्ग होऊन गळू होऊ शकते. नाकात किंवा कानात तेल सोडणे हाही असाच धोक्याचा प्रकार आहे. नाकातले तेल श्वासावाटे फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. टाळू भरताना तेलाचा हात हलका असेल, तर त्याने अपाय होत नाही, पण तेथून तेल मेंदूत जिरते किंवा त्यामुळे टाळू लवकर भरते, या समजुतीला आधार नाही. पुढची टाळू आपल्या गतीने, साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान बंद होते.

सर्वांत गंभीर प्रश्न शेक-शेगडीचा आणि धुरीचा आहे. मोठ्या वाड्यात, उघड्या माजघरात ओवा-वावडिंगाची धुरी देणे वेगळे आणि दारे-खिडक्या बंद केलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे वेगळे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला ना रंग असतो, ना वास. बंद खोलीत तो आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. धुराने बाळाच्या नाजूक श्वासनलिकाही चुरचुरतात. शहरी सदनिकेत ही प्रथा सोडून देणेच शहाणपणाचे आहे. उबेसाठी टोपडे, पायमोजे, दुपटे आणि आईची कूस पुरेशी आहे.

तेलाच्या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा सुदैवाने सौम्य आहे. मुंबईतील डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने मालिश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन खनिज तेलाच्या तुलनेत अधिक चांगले वाढल्याचे दिसले. याउलट मोहरीचे तेल त्वचेचे संरक्षक आवरण पूर्ववत होण्यास विलंब लावते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासात आढळले आहे. बाळाच्या त्वचेवर पुरळ असेल, ताप असेल किंवा ते अपुऱ्या दिवसांचे असेल, तर तेलाची बाटली उघडण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे इष्ट.

पाण्यावर तरंगणारे बाळ

'बेबी स्पा'मध्ये गळ्याभोवती हवा भरलेले कडे अडकवून बाळाला कोमट पाण्यात तरंगत ठेवले जाते. त्याची छायाचित्रे मोहक दिसतात. मात्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०२२ मध्ये अशा गळ्यातील कड्यांविरुद्ध इशारा दिला. या कड्यांच्या वापरात एका बाळाचा मृत्यू झाल्याची आणि एकाला रुग्णालयात दाखल करावे लागल्याची नोंद त्या इशाऱ्यात होती. स्नायूंच्या विकासात अडचण असलेल्या बाळांना हा धोका अधिक संभवतो आणि 'जलोपचार' म्हणून कडी नेमकी त्यांच्याचसाठी सुचवली जातात.

त्यातही बाळाला यातून काय मिळते, हा प्रश्न उरतोच. मान कड्यात अडकलेली, आई काचेपलीकडे मोबाइल घेऊन उभी, आजूबाजूला अनोळखी चेहरे. त्यापेक्षा घरी जमिनीवर गोधडी अंथरून, जागे असताना बाळाला पोटावर पालथे ठेवणे अधिक गुणकारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार रांगू न लागलेल्या बाळाला दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे असे पालथे ठेवावे. त्यामुळे मान, खांदे आणि पाठ बळकट होते. समोर आई किंवा बाबा पालथे पडून बोलत असतील, तर बाळ त्यासाठीच मान उचलते. या व्यायामाला शुल्क नाही.

बाळंतिणीचे काय?

या साऱ्या धावपळीत आईकडे दुर्लक्ष होते, ही बाब चिंताजनक आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार बाळंतपणानंतर सुमारे २२ टक्के मातांना नैराश्य येते. म्हणजे पाचातल्या एकीला. रडू येणे, झोप न लागणे, बाळाविषयी काहीच न वाटणे, आपण आई म्हणून नालायक आहोत असे वाटणे, ही त्याची लक्षणे आहेत. 'पहिलटकरीण आहे, होईल सवय' असे म्हणून ती झटकून टाकली जातात.

पारंपरिक बाळंतपणात आईच्या शरीराला रोज तेल लागत असे, कोणीतरी तिचे पाय चेपत असे आणि त्या अर्ध्या तासात तिच्याशी बोलतही असे. आज मालिशला येणारी बाई अनेक घरांत बाळंतिणीचा एकमेव मोकळा संवाद असते. त्या सेवेचे हे अदृश्य मोल आहे. लंडनमध्ये २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात नैराश्यग्रस्त मातांच्या दोन गटांची तुलना करण्यात आली. दोन्ही गटांना एकमेकींशी बोलण्याची सोय होती, पण एका गटाला त्याबरोबर पाच आठवडे शिशुमालिशही शिकवले गेले. त्या गटाचे नैराश्य अधिक कमी झाले आणि त्यांचे बाळाशी वागणेही अधिक सहज झाले. आईने स्वतः बाळाला तेल लावले, की बाळ कोणत्या स्पर्शाने सैलावते, कशाने मान फिरवते, पाठीची कमान करून 'नको' कसे म्हणते, हे तिला उमगू लागते. आपल्याला आपले बाळ कळते, हा विश्वास तिला उभारी देतो.

हेच वडिलांनाही लागू आहे. २०१७ च्या कायदादुरुस्तीने संघटित क्षेत्रातील मातांना पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. वडिलांसाठी तसा सार्वत्रिक कायदा झाला नाही. स्तनपान वडील करू शकत नाहीत, पण तेल लावू शकतात. रविवारी बाईंना सुटी देऊन वडिलांनी बाही सरसावली, तर बाळाला आणखी एका हाताची ओळख होते आणि आईला अर्धा तास निवांत झोप मिळते. मात्र नैराश्याची लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर मालिशवर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जायलाच हवे.

तेलाकडून मातीकडे

सहा-सात महिन्यांचे बाळ पाटावर स्थिर राहीनासे होते. तेलाने माखलेल्या अंगाने ते पालथे होऊन निसटू पाहते. मालिशचे पर्व संपत आल्याची ही खूण. इतके दिवस जगाने त्याला स्पर्श केला, आता त्याला जगाला स्पर्श करायचा असतो. वाटीतले पाणी, भाताची शिते, कणकेचा गोळा, कुंडीतली माती, जे हाती लागेल ते ते चिवडते. घरातल्यांच्या दृष्टीने हा पसारा असतो, बाळाच्या दृष्टीने तो अभ्यास असतो.

महाराष्ट्राला या विचाराचा मोठा वारसा आहे. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने बालशिक्षणाचे काम उभारले. महागडी साधने आदिवासी मुलांना परवडणारी नव्हती. तेव्हा बिया, शंख, पाने, दगड-गोटे हीच शिक्षणसाधने झाली. पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीतील काड्या, सायकलची व्हॉल्व्हनळी आणि जुनी वर्तमानपत्रे यांतून शेकडो खेळणी घडवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईत चर्नी रोडचे जवाहर बालभवन आणि पुण्यात सारसबागेजवळचे गरवारे बालभवन ही नावे अनेक पालकांना स्वतःच्या लहानपणापासून ठाऊक आहेत.

सणावारांतही हे शिक्षण दडलेले आहे. गणेशोत्सवाआधी शाडूच्या मूर्तींच्या कार्यशाळा भरतात. दिवाळीच्या सुटीत सोसायटीच्या कोपऱ्यात किल्ला उभा राहतो. विटा रचणे, त्यांवर ओले पोते अंथरणे, माती लिंपणे, अळीव पेरून ते उगवण्याची वाट पाहणे आणि शेवटी मावळे मांडणे. दोन वर्षांच्या मुलाचा त्यातला वाटा म्हणजे चिखल थापणे आणि उगवलेले अळीव उपटणे. तरीही ते त्या किल्ल्याला 'माझा किल्ला' म्हणते.

जमैकातील घरगुती खेळणी

अशा साध्या खेळांचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, याचा सर्वांत बोलका पुरावा जमैकातून आला. किंग्स्टनमधील गरीब वस्त्यांत १९८० च्या दशकात नऊ ते चोवीस महिन्यांच्या, वाढ खुंटलेल्या १२९ बालकांवर एक प्रयोग झाला. त्यांतील काही कुटुंबांकडे आरोग्य कार्यकर्त्या दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जात. सोबत टाकाऊ वस्तूंतून बनवलेली खेळणी नेत. मुलाला शिकवणे हा त्यांचा मुख्य हेतू नव्हता. मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे, त्याने केलेल्या गोष्टीचे कौतुक कसे करावे, हे त्या आईला दाखवत. वीस वर्षांनंतर त्या मुलांचा माग काढण्यात आला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्यांच्या घरी या भेटी झाल्या होत्या, त्यांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्के अधिक होती.

कार्यकर्ती तासभर थांबून निघून जाई, आई घरात असे. आठवड्याच्या उरलेल्या दिवसांत खेळ चालू राहिला तो आईमुळे. शहरातील कोणताही उपक्रम जोखण्यासाठी हीच कसोटी वापरता येते.

वर्ग निवडताना

तीन वर्षांखालील मुलांच्या वर्गात आई-वडिलांनी मुलाबरोबर जमिनीवर बसणे अपेक्षित आहे, की बाहेर वाट पाहणे, हे प्रथम पाहावे. बसणे अपेक्षित असेल, तर वर्ग पालकांनाही काही देतो. दुसरे म्हणजे भिंतीवरची चित्रे पाहावीत. सगळ्यांचे मासे एकाच आकाराचे आणि एकाच रंगाचे असतील, तर ते काम मुलांचे नव्हे, ताईंचे आहे. या वयातल्या रेघोट्यांना अर्थ असतो, आकार नसतो. तिसरे, माती आणि रंग तोंडात गेले तरी अपाय न करणारे आहेत का, हात धुण्याची सोय आहे का आणि एका शिक्षिकेकडे किती मुले आहेत, हे विचारायला संकोचू नये. चौथे, वर्गात पडदा आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दोन वर्षांखालील मुलांनी पडद्यासमोर बसूच नये आणि दोन ते चार या वयात ती वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावी.

मालिशसाठी बाई ठेवतानाही असेच निकष लावता येतात. त्यांची नखे कापलेली आहेत का, अंगठी-बांगड्या उतरवल्या जातात का, बाळ रडल्यावर हात थांबतो का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'मला शिकवाल का?' असे आईने विचारल्यावर त्या आनंदाने पाटावर जागा करून देतात का? बहुतेक अनुभवी स्त्रिया देतात. पिढ्यान् पिढ्यांचे कसब त्यांच्या बोटांत असते आणि ते विचारणारे कोणी भेटले, तर त्यांनाही बरेच वाटते.

शहरी आयुष्यात प्रत्येक गोष्ट घरी करणे शक्य नाही आणि सेवा विकत घेण्यात अपराधी वाटण्याचेही कारण नाही. थकलेल्या आईला आधार हवा असतो, एकट्या मुलाला सवंगडी हवे असतात आणि ते या सेवांतून मिळतात. फक्त सेवेने घरातल्यांचा हात काढून घेऊ नये, त्याला वळण लावावे. पुढे मुलाला अंघोळवाल्या बाईंचे नाव आठवणार नाही, मातीकामाच्या वर्गाचेही आठवणार नाही. त्याच्या त्वचेने आणि बोटांनी मात्र या काळात जे ओळखले, त्याच्याच आधारावर ते पुढचे जग चाचपू लागते. त्या ओळखीत आई-बाबांचा हात असावा, एवढेच पाहायचे.